दिवेआगरच्या वाळूवर मिस पैठणी उजवीकडे वळते

लोक दिवेआगरला समुद्र, मोदक आणि शांतता यांसाठी जातात. आम्ही गेलो घोडीचा पाय बघायला. आधीच सांगून ठेवते, नाहीतर खाली कमेंटमध्ये ‘पॅरासेलिंगचं काहीच लिहिलं नाही’ म्हणून रुसवे-फुगवे होतात.

माझे बाबा मुंबईच्या रेसकोर्सवर कॉमेंटेटर होते. म्हणजे घोडे पळायचे आणि बाबा माइकवरून सांगायचे कोण पुढे, कोण मागे. स्वतः आयुष्यात एक रुपया लावला नाही, पण नातेवाइकांत ‘भाऊ रेसला जातो’ एवढंच पसरलं. आई हळदीकुंकवाला विचारलं की ‘हे स्पोर्ट्समध्ये आहेत’ म्हणायची आणि विषय तिळगुळावर न्यायची.

मी लहान असताना डर्बीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसे. वरच्या स्टँडमध्ये टोप्या, मोत्यांच्या माळा आणि सिनेमातली माणसं. खालच्या स्टँडमध्ये आजी वारल्याचं सांगून ऑफिसातून निघालेले कारकून. बाबांचा आवाज चढला की दोन्हीकडचे खुर्च्यांवर चढत. मग क्रिकेट वाढलं, लॉटऱ्या आल्या, शेवटी मोबाइल आला आणि ज्याला खेळायचं तो घरी सोफ्यावर बसून खेळू लागला. घोडे बिचारे पळतच राहिले. शेवटी शेवटी स्टँडमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त होती. आता तिथल्या जागेचा बराच भाग बागेसाठी जाणार म्हणतात, म्हणजे जॉगिंग करणारे पळतील. बाबांना एक दिवस चहा पाजून सांगण्यात आलं की यापुढे यायची तसदी घेऊ नका. त्यानंतर बाबांनी बोलणंच कमी केलं. आईला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटू लागली.

अशात शब्बीरभाईंचा फोन आला. शब्बीरभाई म्हसळ्याचे, रेसकोर्सवर मोतद्दार होते, म्हणजे घोड्याला दाणापाणी, खरारा, फिरवणं सगळं त्यांच्याकडे. तिथलं काम सुटलं तेव्हा एक निवृत्त घोडी घेऊन ते गावाकडे आले आणि आता दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना तिच्यावरून चक्कर मारून आणतात. कागदोपत्री तिचं नाव मिस पैठणी. किनाऱ्यावर ती बिजली, कारण तिथे प्रत्येक घोडी बिजलीच असते.

‘साहेब,’ शब्बीरभाई म्हणाले, ‘इथं गावची शर्यत हाय रविवारी. जावयानं तिचं नाव दिलंय.’

बाबा ताडकन उठून बसले. पैठणीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर रेसमध्ये तुटली होती. पुन्हा पळाली तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

‘मग नाही म्हणा ना त्याला!’

‘जावयाला न्हाय कसं म्हणू, साहेब?’

बाबांनी फोन ठेवला. त्यांच्या स्वतःच्या जावयाला ते दिवसातून चारदा नाही म्हणतात, पण तो माझा नवरा, त्याला सवय आहे. बाबा मला म्हणाले, ‘गाडी काढ.’ बऱ्याच महिन्यांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं, त्यामुळे मीही रविवारी पहाटे मुकाट्याने गाडी काढली.

रस्त्याचं सांगते. पनवेलपासून माणगावपर्यंत गोवा हायवे. हा हायवे होणार, असं मी शाळेत असल्यापासून ऐकतेय आणि आता माझी मुलगी ऐकतेय. पहाटे निघा, माणगावच्या बाजारात अडकलात तर तिथेच वडापाव खाऊन घ्या, दुसरं करण्यासारखं काही नसतं. माणगावनंतर म्हसळ्याकडे वळलं की रस्ता अरुंद, वळणांचा पण छान आहे. मला वाटलं बाबा वाटेत बोलतील. ते फक्त म्हसळ्याच्या घाटात म्हणाले, ‘हळू. मागचा पुढे जाऊ दे.’

दिवेआगरला आम्ही एका वाडीत उतरलो. स्वच्छ खोली, दोन वेळचं जेवण धरून दर वाजवी. शनिवार-रविवारी तो वाढतो, हे मालकीणबाई तोंडावर सांगतात, ते मला आवडलं. वादळात त्यांच्या सुपारीच्या बागेचं पार मैदान झालं होतं. आता नवीन रोपं कमरेच्या वर आलीत. जेवायला सुरमई, सोलकढी आणि आग्रह. मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, आम्ही सांगितले नव्हते. बाबांनी जेमतेम चार घास खाल्ले आणि किनाऱ्यावर चला म्हणाले.

सुरूच्या झाडांखाली पैठणी उभी होती. पाठीवर लाल मखमल, कपाळावर प्लास्टिकचा तुरा, एखाद्या स्वस्तातल्या लग्नातली करवली दिसावी तशी. बाबा बराच वेळ तिच्या डाव्या पायाशी उकिडवे बसले. मग मला म्हणाले, ‘हिच्या शेवटच्या रेसला मीच होतो माइकवर. सरळ पट्ट्यात आली आणि पाय गेला. मी म्हटलं, मिस पैठणी मागे पडली, आणि पुढच्यांबरोबर गेलो. कॉमेंटेटरला थांबता येत नाही. मागे काय झालं, ते मला रेस संपल्यावर कळलं.’ हे त्यांनी मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. मी घोडीला थोपटलं.

रफिक, म्हणजे शब्बीरभाईंचा जावई, माणूस वाईट नाही. रिक्षा चालवतो, हसून बोलतो आणि कुणाचं ऐकत नाही.

‘चाचा, शहराची घोडी हाय! हे गावठी घोडे तिच्यापुढं काय?’

‘तिचा पाय गेलेला आहे,’ बाबा म्हणाले.

‘उभी तर हाय चारी पायांवर.’

बाबांनी समजावलं, चिडले, शेवटी हातसुद्धा जोडले. माझ्या बाबांनी हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले आणि मला रफिकचा असा राग आला की विचारू नका. शब्बीरभाई वाळूकडे बघत उभे राहिले. सासरा म्हणून त्यांची अडचण मला कळत होती, तरी त्यांचाही आलाच.

तेवढ्यात शर्यतीचे सेक्रेटरी धावत आले. शेजारच्या भरडखोलचे कोळी, गळ्यात शिट्टी, प्रचंड घाईत.

‘अवो, आमचा माइकवाला म्हसळ्यात अडकलाय. तुमी रेडिओवर बोलायचात म्हनं?’

‘रेडिओवर नाही,’ बाबा म्हणाले.

‘चालंल, चालंल.’

बाबा नाही म्हणणार, याची मला खात्री होती. ते म्हणाले, ‘माइकवाल्याचं मचाण उंच आहे ना? मग येतो. निदान ती मला शेवटपर्यंत दिसेल.’

शर्यत साधी. ओहोटीच्या ओल्या वाळूवरून भरडखोलच्या दिशेने पळायचं, डावीकडे वळून झेंड्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. समुद्र उजव्या हाताला. शिट्टी झाली आणि घोडे सुटले, पैठणीवर स्वतः रफिक. बाबांनी जन्मभर कॉमेंट्री इंग्रजीत केली, दुधवाल्याशीही रविवारी त्याच सुरात बोलायचे. आज मात्र मराठी बाहेर आली. ‘पैठणी पुढे आहे... पैठणी, सावकाश गं... पैठणी अजून पुढे आहे...’ त्यांचा आवाज चढला तशी गर्दी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढली. मी मात्र फक्त तिचा डावा पाय बघत होते.

झेंडा आला. सगळे घोडे डावीकडे वळले. पैठणी उजवीकडे वळली आणि सरळ समुद्रात गेली.

मुंबईच्या रेसकोर्सवर घोडे नेहमी उजवीकडे वळतात. पैठणीने पळताना जन्मात दुसरं वळण पाहिलेलं नव्हतं. हे बाबांना माहीत होतं, शब्बीरभाईंना माहीत होतं, आणि दोघांनीही त्या गडबडीत पायाशिवाय कशाचाही विचार केला नव्हता. रफिक लगाम ओढून ओरडत होता. पैठणी गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली. तो नाही थांबला, तो पुढे पाण्यात पडला.

इकडे बाकीचे घोडे परत येत होते. सेक्रेटरी शिट्टी वाजवत होते, ‘अवो, नंबर सांगा, पयला नंबर कोन?’ बाबांनी तिकडे मान वळवली नाही.

‘मिस पैठणी पाण्यात उभी आहे,’ भोंग्यातून आवाज आला. ‘चारही पाय टेकलेत. डावा पुढचा उचललाय... टेकला. पुन्हा टेकला. शेपूट हलवतेय. आता वळली. चालतेय. लंगडत नाही. मंडळी, ती लंगडत नाही!’

पहिली आलेली घोडी कधीच रेघ ओलांडून गेली होती. बाबा ओल्या पैठणीबरोबर पावलापावलाने परत आले, माइकवरून. ती रेघेपाशी पोचली तेव्हा त्यांनी जुन्या सवयीने जाहीर केलं, ‘निकाल पक्का होईपर्यंत कृपया तिकिटं फाडू नयेत.’ पैज लावल्याची तिकिटं नव्हतीच. लोकांनी तरी खिसे चाचपले आणि पार्किंगच्या पावत्या सांभाळून ठेवल्या.

जिंकलेल्या घोडीचा मालक तणतणत मचाणाखाली आला, ‘आमची पयली आली त्याचं काय? व्हय ना, तिचं नावसुद्धा न्हाय घेतलं!’ बाबांनी त्याची माफी मागितली. बाबा फार खुशीत माफी मागत होते.

रफिक निथळत आला. ‘चाचा, ही घोडी शर्यतीची न्हायच मुळात.’

‘अजिबात नाही,’ बाबा म्हणाले. ‘पुन्हा नाव देऊ नकोस, चारचौघांत हसं होईल.’

‘तौबा!’ रफिक म्हणाला. शब्बीरभाईंनी घोडीच्या मानेत तोंड लपवलं. रडत होते की हसत होते, मी विचारलं नाही. रात्री बाबांनी सुरमईचा दुसरा तुकडा मागून घेतला.

परत येऊन बरेच दिवस झाले. रेसकोर्स काही परत भरणार नाही आणि बाबांना कुणी बोलावणार नाही. मात्र दर रविवारी दुपारी शब्बीरभाई किनाऱ्यावरून फोन लावतात आणि घोडीच्या कानाला धरतात. बाबा ‘पैठणी’ म्हणतात, मग बराच वेळ नुसते ऐकत बसतात. तिकडून श्वास येतो, कधी लाटा.

परवा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ‘बघ,’ ती मला म्हणाली, ‘सगळा जन्म गेला माझा. माझं कधी इतकं ऐकून घेतलंय का ह्या माणसानं?’

बाबांनी फोनवर हात ठेवला, आईकडे वळले आणि म्हणाले, ‘बोल.’