आमच्या वैजूशी भांडणाऱ्या अक्का

आमच्या वैजूशी जन्मात पहिल्यांदा कोणी भांडलं असेल, तर त्या शेजारच्या अनुसया अक्का. आणि एकदाच नाही. सण म्हणू नका, रविवार म्हणू नका, त्या रोज सकाळी दहाच्या सुमाराला भांडायच्या. स्वयंपाक आटोपला की तोंडावर पाणी मारायच्या, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा चढवायच्या, पदर खोचायच्या आणि ओट्यावर येऊन बसायच्या. अक्का तेव्हा पासष्टीच्या आणि वैजू सहा वर्षांची. पण सामना बरोबरीचा असायचा.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. सरकारी कचेरीतला मी कारकून, साताऱ्याकडून बदली होऊन जळगावला आलेला. बायको सुधा शाळेत मराठी शिकवायची. पिंप्राळ्यात आम्हाला घर मिळालं ते जोडघरातलं अर्धं. उरलेल्या अर्ध्यात अक्का एकट्या राहायच्या. नवऱ्याने हौसेने बांधलेलं घर सोडून धुळ्याला मुलाकडे जायला त्या तयार नव्हत्या. दोन्ही घरांना मिळून पुढे एकच लांबलचक ओटा होता आणि सगळ्या कटकटीचं मूळ तोच.

वैजू जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी एक मोठं इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं होतं. म्हणाले होते, "हिची वाढ हळू होईल. चालणं, बोलणं, शिकणं, सगळंच उशिरा. हिला आनंदात ठेवा." हे शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी इतकं मनावर घेतलं, की सहा वर्षांत त्या पोरीला "नाही" हा शब्द कोणी ऐकवला नव्हता. तिने माझा चष्मा पाण्यात बुडवला तरी मी म्हणायचो, "वा, धुतला का?" नातेवाईक यायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि तिच्यासमोरच सुधाला विचारायचे, "बिचारीला भूक लागलेली कळते का हो?" वैजूला पाच-सहा शब्द यायचे. पुरायचे तेवढे. मागितलं की मिळत होतं, मग बोलायचं कशाला?

अक्कांची ओळख झाली ती बिबड्यांवरून. बिबडे म्हणजे आमच्याकडच्या पापडांचे ज्वारीचे थोरले भाऊ. उन्हाळ्यात खान्देशात घरोघर ते बाजेवर वाळत घातलेले असतात. आम्ही नवे होतो, सामान लावत होतो, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. जाऊन बघतो तर वैजू अक्कांच्या बाजेपाशी उभी राहून ओले बिबडे एकामागून एक खात होती, आणि एक बाई कमरेवर हात ठेवून तिच्यावर ओरडत होत्या.

सुधा धावत गेली. "माफ करा हं, तिला कळत नाही हो."

अक्कांनी सुधाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आपल्या अहिराणीत सुनावलं. "कळत नही? जाडा जाडा सोडी दिन्हा, पातळ पातळ खाई टाका! तिले बठ्ठं समजस!" बठ्ठं म्हणजे सगळं. मग वैजूकडे वळून म्हणाल्या, "काय वं? मी काय तुनी मावशी शे का?"

वैजू चकित होऊन बघत राहिली. तिच्याशी या आवाजात कोणी बोललंच नव्हतं. मग तिने हातातला उरलेला अर्धा बिबडा शांतपणे अक्कांच्या बाजेवर परत ठेवला. दाताच्या खुणांसकट.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी आमच्याकडूनच खडू मागून नेला आणि ओट्याच्या मधोमध पांढरी रेघ मारली. "इकडे मी, तिकडे तू. रेघ ओलांडनी नही." वैजूने रेघेकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं आणि मांडी घालून अगदी रेघेला चिकटून बसली. अक्का तांदूळ निवडायला घेऊन समोर बसल्या. अर्ध्या तासाने वैजूच्या पायाचा अंगठा रेघेपलीकडे गेला. अक्का ओरडल्या. अंगठा मागे आला. मग दुसऱ्या पायाचा गेला.

चार-आठ दिवसांत वैजूने पुढची युक्ती काढली. दुपारी अक्का झोपल्या की फ्रॉक ओला करून रेघ पुसायची आणि वीतभर पलीकडे, अक्कांच्या हद्दीत, नवी मारायची. वाकडीतिकडी, पण मारायची. डॉक्टरांनी ही प्रगती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. अक्का शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांचं माहेर-सासर सगळं दोंडाईच्याकडचं. हद्दीच्या बाबतीत त्या डोळ्यांत तेल घालून असायच्या. सकाळी रेघ बघून त्या कपाळाला हात लावायच्या. "बांध कोरस! मना देरनी बी इतला बांध कोरा नही!" सख्ख्या दिराने शेताचा बांध कोरला नसेल इतका ही पोर कोरते, ही तक्रार त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. दूधवाल्याला तर त्यांनी साक्षीदारच करून ठेवलं होतं.

मला मात्र हे बघवेना. एके दिवशी कचेरीतून आलो तर वैजू ओट्यावर लालबुंद चेहऱ्याने पाय आपटत होती आणि अक्का तिच्याकडे बघून हुबेहूब तसेच पाय आपटत होत्या. मी संतापलो. म्हणालो, "अक्का, तुम्ही मोठ्या आहात. ती इतर मुलांसारखी नाही, एवढं तरी समजून घ्या. तिच्याशी जरा प्रेमाने वागा."

 अक्कांनी पदर सोडला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून अक्का प्रेमाने वागू लागल्या. रेघ पुसून टाकली. वैजू ओट्यावर आली की मऊ आवाजात म्हणायच्या, "ये बाळ. बस बाळ. कोठेबी बस." वैजूने अंगठा पुढे केला. अक्का हसल्या. वैजू सगळीच्या सगळी पलीकडे जाऊन बसली. अक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वैजूने तांदळाचं सूप उलटं केलं. अक्का म्हणाल्या, "असू दे बाळ." तेव्हा वैजूने जे भोकाड पसरलं, ते रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

चार दिवस तिने धड खाल्लं नाही. अक्कांच्या दारासमोर बसून राहायची आणि दार उघडलं की आशेने वर बघायची. आतून आवाज यायचा, "काय पाहिजे बाळाले?" की पुन्हा रडणं. पाचव्या दिवशी सुधाने मला ढकलतच शेजारी पाठवलं. मी अक्कांसमोर उभा राहिलो. कचेरीत साहेबासमोर उभं राहायची सवय होती, म्हणून जमलं.

"अक्का, माझं चुकलं. कृपा करा आणि भांडा."

अक्कांनी मला तसंच उभं ठेवलं. चुलीवरचं दूध उतू जायच्या बेतात होतं, ते उतरवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, जिच्याशी कोनी भांडत नही, ती पोर एकटी पडस. तुम्ही तिले देव्हाऱ्यात बसाडी दिन्हं. मी ओट्यावर बसाडस." आणि बाहेर येऊन गरजल्या, "ए वैजी! ऊठ! हाऊ मना ओटा शे!"

वैजूच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते मी आजही विसरलेलो नाही. तिने ताबडतोब उठायला नकार दिला.

तिचं पहिलं पूर्ण वाक्य आलं तेही त्या ओट्यावरच. तेव्हा ती साडेसात वर्षांची होती. आम्ही आत जेवत होतो आणि बाहेर सकाळचं भांडण रंगलं होतं. एकदम वैजूचा आवाज आला, खणखणीत: "अक्का, तू खोटी शे!"

सुधाच्या हातातला घास तसाच राहिला. आम्ही बाहेर धावलो. वैजू रेघेकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, "अक्का, तू खोटी शे!" सुधाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि रडता रडता ती मराठीची शिक्षिका म्हणाली, "अहो, पहिलं वाक्य... आणि त्यात 'आहेस' नाही, 'शे'?"

मी सायकल काढली आणि पेढे घेऊन आलो. गल्लीत वाटत सुटलो. अक्कांपुढे पुडा धरला तर त्या फणकारल्या, "पोर माले खोटी म्हनस, आनि तुम्ही पेढा वाटतस?" एक पेढा तोंडात टाकला. "भर रस्त्यात म्हनस!" दुसरा टाकला. आठ दिवस त्यांनी माफीची मागणी लावून धरली. नवव्या दिवशी सुधाला कोपऱ्यात घेऊन हळूच कबूल केलं, की त्या सकाळी रेघ त्यांनीच चार बोटं आमच्याकडे सरकवली होती. "म्हनलं, देखू पोरना ध्यानात येस का."

वैजू आठ वर्षांची झाल्यावर आम्ही तिला शाळेत घालायचं ठरवलं. दोन ठिकाणी नकार मिळाला होता. तिसऱ्या शाळेत निघालो तेव्हा अक्का नवीन लुगडं नेसून रिक्षात आधीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही दोन्हीजण तठे जाईसन रडतस. मी येस."

हेडमास्तर सज्जन होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नकार दिसत होता. त्यांनी पेन्सिली पुढे केल्या. "बाळ, या किती?" वैजू पंख्याकडे बघत बसली. त्यांनी पुन्हा विचारलं. वैजू पंख्याकडेच. मी नेहमीसारखं सुरू केलं, "सर, त्याचं असं आहे की..."

"गुर्जी, तुम्ही सरका," अक्का म्हणाल्या. टेबलावरच्या खोक्यातून त्यांनी पाच खडू काढले आणि वैजूसमोर ओळीने मांडले. "वैजी, हे चार शेतस."

वैजूने मान खाली केली. खडूंकडे बघितलं. मग अक्कांकडे असं बघितलं, जसं कोर्टात वकील खोट्या साक्षीदाराकडे बघतो.

"पाच."

"चार!"

"पाच! खोटी!"

"चार, चार, चार!" अक्कांनी टेबलावर हात आपटला.

"अहो बाई, पाचच आहेत!" हेडमास्तर खुर्चीतून उठून ओरडले.

अक्का शांतपणे मागे टेकल्या. "व्हय ना? देखा, तुम्हाले बी येस, तिले बी येस. आते नाव लिखा."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग नाव लिहून घेतलं. आम्ही निघताना मला एवढंच म्हणाले, "मुलीला रोज पाठवा. आजींना पाठवू नका."

वैजू चौथीपर्यंत शिकली. सात वर्षं लागली. पण दुकानांवरच्या पाट्या वाचू लागली, सुट्टे पैसे मोजू लागली आणि आईचं "शुद्ध बोल" ऐकून घेत घेत अक्कांचीच भाषा बोलत राहिली.

ती तेरा वर्षांची असताना अक्का ओट्याच्या पायरीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मुलगा भास्करराव धुळ्याहून जीप घेऊन आले. आता एकटं ठेवता येणार नव्हतं आणि ते अक्कांनाही कळत होतं. जीपमध्ये गादी घालून त्यांना आडवं ठेवलं. वैजू ओट्यावर आपल्या बाजूला, रेघेला लागून बसली होती. अक्कांनी मान वळवून तिला हाक मारली.

"वैजी, आते बठ्ठा ओटा तुना."

"माले नको," वैजू म्हणाली.

जीप गेली. पुढे कित्येक महिने वैजूने रेघेपलीकडे पाऊल टाकलं नाही. पावसाने रेघ धुऊन गेली की ती पुन्हा मारायची. अगदी मधोमध. आता चार बोटंही इकडेतिकडे व्हायची नाही.

तीन वर्षांनी अक्का गेल्या. भास्कररावांचा निरोप आला आणि दहाव्याला आम्ही तिघं धुळ्याला गेलो. देवपुरात त्यांचं घर होतं, वरच्या मजल्यावर. दार उघडलं ते शेजारच्या मथुराबाईंनी. अक्कांच्या त्या तिथल्या मैत्रीण, रोज संध्याकाळी सोबत बसणाऱ्या. बाकीचे सगळे सतरंजीवर होते, पण एका कोपऱ्यात उशी घातलेली खुर्ची मांडून ठेवली होती. मथुराबाईंनी आम्हा दोघांना नमस्कार केला आणि आमच्या मागे जिन्यात वाकून बघायला लागल्या.

"आणि वैजाबाई कुठे राहिल्या? जिना चढवत नाही का? भास्कर, खाली जा रे, हात धरून आण त्यांना."

भास्करराव म्हणाले, "मावशी, हीच ती वैजू."

मथुराबाई माझ्या सोळा वर्षांच्या मुलीकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! अक्का रोज सांगायच्या, जळगावला माझी एक वैजा आहे, महाहट्टी, तिचं नि माझं सात वर्षं भांडण चाललं. मला वाटलं, त्यांच्याच वयाची कोणी म्हातारी असेल. खुर्ची मांडली, मऊ खिचडी करून आणली..."

"अजून काय सांगायच्या?" सुधाने विचारलं. मला माहीत होतं, ती कशाची वाट बघत होती.

मथुराबाईंनी आठवून बघितलं. "हेच. की तिला फसवता येत नाही. आणि बिबडे तेवढे लपवून ठेवावे लागतात. दुसरं काही नाही बाई."

आमच्या मुलीबद्दल लोक सगळ्यात आधी जे सांगत, ते तीन वर्षांत अक्कांनी एकदाही सांगितलं नव्हतं. सुधाने पदर तोंडाला लावला. मी उगाच जिन्याकडे बघत उभा राहिलो.

वैजू मात्र खुर्ची आपलीच आहे हे ओळखून उशीवर जाऊन बसली होती. मथुराबाईंनी तिच्या हातात चहाचा कप दिला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"साखर नही शे."

"अगं, मधुमेह असेल म्हणून घातली नाही."

"कोनले?"

"तुम्हालाच," मथुराबाई गडबडून म्हणाल्या.

"मी सोळा वरीसनी शे!" वैजू म्हणाली आणि सुतकाच्या त्या घरात सतरंजीवरची सगळी माणसं हसायला लागली. भास्करराव तर डोळे पुसत हसत होते. ते स्वतः आत गेले आणि साखरेचा डबाच घेऊन आले. वैजूने तीन चमचे साखर घातली, नीट ढवळली, आणि समोर हार घातलेल्या फोटोकडे बघत, कप हातात तसाच धरून, एकदम रडायला लागली. मोठ्याने, पाय आपटत. तिला गप्प करायला कोणी उठलं नाही.