श्रावणातलं सारण

ज्या बाईमुळे आज नागपुरात माझ्या डोक्यावर छप्पर आहे, ती सावनेरची. आमच्या किचनमध्ये कणीक मळायची, भाज्या चिरायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्याबद्दल आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना माझं सगळं इकडचं तिकडे होतं.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली, हॉटेलांत भांडी घासत, मग चिरत-तळत इथवर आलो. रामदासपेठेतल्या या छोट्या कॅफेत मला कच्च्या बोलीवर ठेवलं होतं. झोपायला वरची खोली. नोकरी गेली की खोलीही जाणार, आणि या शहरात माझं दुसरं कोणी नाही. कॅफेच्या मालकीण मॅडमची चप्पल जिन्यावर वाजली तरी मी अंथरुणातून उठून बसायचो.

मॅडम काही वर्षं जर्मनीत राहून आलेल्या. तिकडे माउलटाशन नावाचा प्रकार करतात. मैद्याच्या पातळ पारीत खिमा, पालक, कांदा, भिजवलेला पाव भरायचा, चौकोनी पुडी करायची आणि उकळत्या पाण्यात शिजवायची. मॅडमना त्या शिजवून वर कुरकुरीत तळलेल्या हव्या होत्या; नागपूरकर पाणचट काही खात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिकडे म्हणे उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून लोक ते असं पिठात लपवायचे. मावशी मळता मळता म्हणाली, "आमच्या देवाले नाकही आहे ना, मॅडम." मॅडमसुद्धा हसल्या.

मावशीसाठी ते नुसतं हसण्यावारी नव्हतं. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत होता, छाती पार गेलेली. जवळच्याच हॉस्पिटलात भरती होता. त्याच्यासाठी तिने नवस बोलला होता, अख्खा श्रावण मांसाला हात लावणार नाही. म्हणून पारी तिच्याकडे, सारण माझ्याकडे. किचनमध्ये आम्ही दोघंच.

त्याच श्रावणात एका संध्याकाळी मॅडमच्या ओळखीचे, श्रावण न पाळणारे पाहुणे यायचे होते. जमलं तर मी पक्का, नाहीतर गाशा गुंडाळायचा, असं मला सरळच सांगितलं होतं.

मी पुड्या आईच्या करंजीसारख्या भरल्या. पोट फुगीर, कडा मुरडलेल्या. पाण्यात छान तरंगल्या. निथळून तेलात सोडल्या आणि आतली हवा न्‌ मुरडीत अडकलेलं पाणी एकदम उसळलं. एकीमागून एक फुटल्या. उजव्या हातावर तेल आलं. मी ओरडलोसुद्धा नाही. मॅडम बाहेर टेबलं लावत होत्या.

मावशीने माझा हात नळाखाली धरला. बोटं टम्म फुगली, वाकेनात. अर्धं सारण अजून भांड्यात होतं. डाव्या हाताने एक पुडी करून पाहिली, ती ओट्यावरच उकलली. मग मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. मॅडमना सांगू नको, एवढंच बहुतेक.

तिने सारणाचं भांडं पुढ्यात ओढलं. मग बांगड्या वर सारल्या.

"मावशी, तुझा नवस," मी म्हटलं.

"तुले कुठं धाडू मग? कोकणात? सरक तिकडं."

आणि तिने खिम्यात हात घातला.

तिने पुड्या सांभारवडीसारख्या केल्या. इकडे कोथिंबिरीचं सारण भरून ती वडी करतात, तिच्यात हवा राहू देत नाहीत. सारण बेताचं, पारी चापट दाबायची, कडेला पिठाची खळ. शिजल्यावर सुती कपड्यावर पंख्याखाली पार कोरड्या करून मगच मंद आचेवर तळल्या. एकही फुटली नाही. पाहुण्यांनी परत मागवल्या. मॅडम आत येऊन मला म्हणाल्या, राहा आता. मावशी मोरीपाशी साबणाने हात धूत होती. धुऊन झाले तरी परत धूत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा गेला.

मी सावनेरला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. तिच्या नणंदेने सगळ्यांदेखत विचारलं, "नवस पाळला ना वं पूर्ण?"

"मोडला," मावशी म्हणाली.

"काहून?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी दारातच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. निघताना मी तिच्यापुढे वाकलो, तेव्हा माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "बोटं वाकतात का गा आता?"

डॉक्टरांनी आधीच आशा सोडली होती, हे मला माहीत आहे. असल्या गोष्टींनी माणूस मरत नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. रोज सांगावं लागतं.

ती कामावर परत आली नाही. घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय, असं कळतं. लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाते. मी इथेच आहे, पक्का. मॅडम कधी नुसत्या गप्प असल्या तरी मी अजून मनातल्या मनात गाशा गुंडाळतो.

पण सीताबर्डीच्या फुटपाथवर का होईना, एक दिवस स्वतःची खाण्याची गाडी लावीन आणि सावनेरला जाऊन मावशीला घेऊन येईन. नणंदेसमोर उभा राहून नवस कोणासाठी मोडला तेही सांगेन. आज तेवढा धीर नाही. मावशी येईल की नाही, ठाऊक नाही. वेळ लागेल, पण मावशी, तुझं हे मी फेडणार आहे.