आईचा दुसरा ताप

आईला विषमज्वर दोनदा झाला. पहिला माझ्या जन्मानंतर लगेच. त्याबद्दल मी फक्त ऐकलेलं आहे. डोक्यावरचे सगळे केस गेले, पण ताप उतरला त्या दिवशी तिने अंथरुणातूनच विचारलं, की अंगणात वाळत घातलेली आमसुलं कोणी उचलली. दुसरा झाला तेव्हा तिने साठी ओलांडलेली होती आणि आमचा जिल्हा रत्नागिरीपासून नुकताच वेगळा झाला होता. या वेळी केस राहिले.

मालवणच्या बाजारापासून थोडं आत, माडांच्या वाडीत आमचं घर होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली बहीण लग्न होऊन बेळगावला गेलेली. मी गावातल्या शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही तिघी. आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली होती आणि वयाने आईहून बरीच थोरली होती.

आई आणि आत्या एकमेकींशी बोलत नसत. बहिणीच्या लग्नापासूनचं ते होतं. बहिणीला लहानाचं मोठं आत्यानेच केलं होतं, त्यामुळे हळदीच्या दिवशी तीही वाटी घेऊन पुढे झाली. आईने चारचौघींत तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि दुसऱ्या बाईच्या हातात दिली. तोंडाने काही म्हणाली नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चाले. दोघी एकाच स्वयंपाकघरात, चुलीच्या दोन बाजूंना बसलेल्या असायच्या आणि आत्या म्हणायची, "तुज्या आवशीक सांग, नारळ खवून ठेवलंय." मी सांगायचे. आई म्हणायची, "ठीक आहे म्हणावं." मी तेही सांगायचे. मला त्यात काही वावगं वाटत नसे. काही घरांत कुत्रा असतो, काहींत नसतो, तसं ते होतं.

दुसऱ्या तापात आई बरेच दिवस भ्रमात होती. मालवणचे आमचे डॉक्टर रोज येऊन जात. ताप गेला, जेवण सुरू झालं, ती उठून हिंडूफिरू लागली आणि आम्ही सुटलो असं समजलो. मग सोलकढीत दोनदा मीठ पडलं. मग एका दुपारी तिने वडिलांचं पान वाढून ठेवलं. पुढे देवळातून परत येताना ती वाट चुकली आणि मासळीबाजारात उभी सापडली. तापाचा अशक्तपणा, असं मी शेजारणींना सांगत होते. आत्या मात्र आई चुलीपाशी गेली की स्वतःही उठून तिथे जाऊन बसू लागली.

एका रविवारी सकाळी आत्या पडवीत सुपारी कातरत होती. आई तिच्यासमोर पाठ करून बसली आणि म्हणाली, "बाय, माजी वेणी घाल गो."

बाय म्हणजे आईची वेंगुर्ल्याची थोरली बहीण. ती केव्हाच वारली होती. आई लग्नानंतर घरात सहसा मालवणी बोलत नसे. वडिलांना शुद्ध बोललेलं आवडायचं. ती बोली मी तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकली.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तुज्या आवशीक सांग, मी बाय नाय."

मी सांगितलं. आई हसली आणि तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने आत्याने अडकित्ता खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे फणी मागितली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. आई आत्याच्या मागे मागे असायची. तिच्या ताटात स्वतःच्या ताटातली माशाची तुकडी ठेवायची, तिचा हात धरून विहिरीवर जायची. आत्या करायची सगळं, पण अवघडून. आपल्या नावाने नसलेलं पार्सल घरात आलं की माणूस कसा वागतो, तशी ती वागायची.

आमच्या डॉक्टरांनी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी एसटीने गेलो. आत्या आलीच, कारण तिच्याशिवाय आई गाडीत चढेना. तिथला डॉक्टर तरुण होता, कोकणी मिसळलेल्या मराठीत बोलायचा. त्याने आईला बरंच विचारलं, मेणबत्तीएवढी एक छोटी बॅटरी डोळ्यांसमोरून फिरवली, चालायला लावलं. मग मी त्याला माझा प्रश्न विचारला. आईला हाच ताप तरुणपणी येऊन गेला, तेव्हा डोक्याला काही झालं नाही. मग आत्ताच का?

तो म्हणाला, की मेंदूची स्वतःची एक राखण असते. रक्तातलं नको ते आत येऊ न देणारी एक भिंत असते. आत झालेला केरकचरा उचलणाऱ्या पेशी असतात. तरुणपणी ताप येतो, धक्का देतो आणि ही राखण सगळं सावरून घेते. वय झालं की भिंत जरा सैल होते, झाडणारे थकतात, आणि उगाच चिडून चांगल्याचंही नुकसान करतात, असंही काहींना वाटतं. "आजार बहुतेक आधीपासून हळूहळू येत होता. तापाने तो उघडा पडला," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, आम्हालाही अजून पुरतं ठाऊक नाही."

"पण ह्या आईहून मोठ्या आहेत," मी आत्याकडे बोट दाखवून म्हटलं.

"सगळ्यांची राखण एकाच वेळी थकत नाही," तो म्हणाला. औषध म्हणून त्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. तो माणूस मला आवडला.

परतीच्या गाडीत आई आत्याच्या खांद्यावर झोपली होती. गोव्याच्या हद्दीवरचं बांदा मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "तो राखणदाराचा काय सांगी होतो?"

मी म्हटलं, राखणदार नाही, राखण. मेंदूची. पण तिच्या मनाने ते घेतलं होतं. आमच्या वाडीच्या टोकाला राखणदाराचं, म्हणजे वाडी सांभाळणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे, एका जुन्या आंब्याखाली. पुढच्या आठवड्यात आत्याने गावचा मान असलेल्या गावकराला बोलावून तिथे नारळ ठेवायला लावला. गावकराने गाऱ्हाणं घातलं, या लेकराकडून काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, तिची राखण कर. आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं. आईनेही म्हटलं, सगळ्यांबरोबर. फरक काही पडला नाही. आत्यानेही पुन्हा तो विषय काढला नाही.

हिवाळ्यात एकदा मी शाळेतून आले तर दोघी मागच्या पडवीत होत्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात थांबले आणि आत्याचा आवाज ऐकू आला. ती आईशी बोलत होती, सरळ.

"वयनी, हळदीची वाटी माज्या हातातली कित्याक काडून घेतलंस?"

आई म्हणाली, "कोणी घेतली?"

"घेतल्यान एकीन. सगळ्यांसमोर."

"वायट केल्यान तिना," आई म्हणाली. "बाय, तू रडा नको."

आत्या रडत नव्हती. निदान मी बाहेर गेले तेव्हा तरी नव्हती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आत्या उठली, मला म्हणाली, "इलंस गो? च्या टाकतंय," आणि आत गेली.

चहा उकळत असताना मी म्हटलं, "आत्या, सोडून द्या आता. तिला आठवत नाही."

"ताच सांगतंय मी," ती म्हणाली. "दोरी सोडूक दुसऱ्या टोकाक कोण तरी होया. आता ती माज्या एकटीच्याच हातात आसा." मग गाळणं शोधता शोधता म्हणाली, "पण वायट केल्यान म्हणाली. तिच्या तोंडान म्हणाली."

ते तिला पुरलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानंतर तिने "तुज्या आवशीक सांग" म्हणणं मात्र बंद केलं. सांगण्यासारखं जे असेल ते ती आईला थेट सांगे, आणि आई काहीतरी भलतंच उत्तर देई, आणि त्यांचं चालू राही. मी मधून निघून गेल्यामुळे मला पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं.

आई पुढे काही वर्षं जगली. आधी माझं नाव गेलं, मग बाय गेली, मग बोलणं. शेवटी ती नुसती आत्याचं बोट धरून असायची. एका पावसाळ्यात छाती भरून ती गेली. बेळगावहून बहीण आली तेव्हा तिला आईची शेवटची वर्षं आत्यानेच सांगितली, क्रमवार, काहीही न गाळता. पडवीतलं हळदीचं बोलणं मात्र तिने सांगितलं नाही.

त्यानंतर आत्या दोन-तीन पावसाळे काढून झोपेतच गेली. तिचं डोकं शेवटपर्यंत स्वच्छ होतं. आदल्या संध्याकाळी माझं पातळ मागच्या दोरीवर वाळत राहिलंय, याची तिनेच मला आठवण केली होती.