मास्तरांचं सगळ्यात लहान गिऱ्हाईक

अर्ध्या गल्लीची पहिली दाढी मास्तरांच्या वस्तऱ्यानं झालेली. पण आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि सलूनची खुर्ची त्यांनी आपणहून लेकीच्या ताब्यात दिली. "हा हात कुणाच्या गळ्याशी न्यायचा नाही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते कोपऱ्यातल्या बाकावर पेपर उघडून बसत आणि लेकीची कात्री कशी चालते ते तिरक्या नजरेनं बघत.

एका सकाळी धुवायच्या टॉवेलांच्या ढिगात मांजराचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं, करड्या रंगाचं. लेकीनं उचललं तर त्यानं मान टाकली.

"उपाशी आहे, दुसरं काय?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

मास्तरांनी पिल्लाच्या मानेवरच्या केसांत फुंकर मारली. आत काळे ठिपके सरसर पळाले.

"अगंबाई, पिसवा!" लेक ओरडली.

दोघं पिल्लू घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"पिसवा रक्त पितात," त्या म्हणाल्या. "मोठं मांजर खाजवून खाजवून हैराण होतं, पण निभावतं. एवढ्याशा जिवात मुळात रक्त असतं किती? म्हणून हे असं गार पडलंय."

"मग औषध टाका ना," लेक म्हणाली.

"फार लहान आहे, औषधच बाधायचं. त्याला उबेत ठेवा, मी देते ते दूध पाजा. जरा तरतरी आली की कोमट पाण्यानं धुवून लगेच कोरडं करा. आणि बारीक फणीनं पिसवा काढत राहा, रोज. कंटाळलात तर गेलं म्हणून समजा."

लेकीनं कपाळाला हात लावला. सलून सोडून हे कोण करणार?

"फणीच फिरवायची ना?" मास्तर म्हणाले. "मग मी काय मेलोय का?"

त्यांनी पिल्लाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, कोपर पोटाशी दाबलं आणि उजवं मनगट डाव्या हातानं धरलं. फणी काही वस्तरा नव्हे, जरा हलली तरी कापत नाही. फणीत पिसू आली की साबणाच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा फिरवायची. पिसवांची अंडी कापडात, फटींत पडतात म्हणून लेकीनं टॉवेल उकळले, बाकाच्या खाचा घासून काढल्या.

"मास्तर, आता मांजरांची हजामत?" गिऱ्हाइकं हसत.

"हो. तुझ्यासारखी कटकट तरी करत नाही!"

मधे एकदा पिल्लानं दूधही सोडलं. मास्तरही त्या दिवशी जेवले नाहीत. थेंब थेंब दूध त्याच्या ओठाला लावत बसले. संध्याकाळी पिल्लानं त्यांचं बोट चाटलं आणि मग चक्क चावलं. मास्तर आनंदानं ओरडले, "चावलं गं, चावलं!"

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या. गुलाबी. केस उलटसुलट करून पाहिले, एकही पिसू नाही.

"इतकं स्वच्छ कुणी केलं?"

"आमच्या बाबांनी," लेक म्हणाली. तिच्या आवाजात असा काही तोरा होता की मास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

घरी जाताना लेकीनं टोपली मागितली. मास्तरांनी दिली नाही. थरथरत्या हातात टोपली धरून ते गल्लीच्या मधोमध, छाती काढून चालत राहिले, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मुद्दाम थांबत होते.