वासनिक काकांचा नंबर

आमच्या इस्पितळात रेडिएशनचा शेक देतात त्या खोलीबाहेर वासनिक काका पोटभर पाणी पिऊन बसायचे आणि नंबर आला की तो दुसऱ्याला देऊन टाकायचे. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. “जाऊ द्या ना त्याले आधी. त्याची पारशिवनीची बस निघून जाईन. मले कुठं ड्युटीवर जायचं हाये?” असं म्हणून मोकळे! माणूस गोड, पण माझ्या कपाळाला रोज आठ्या.

मी तिथली टेक्निशियन. प्रोस्टेटच्या कॅन्सरला शेक देताना पोटातली लघवीची पिशवी रोज सारखीच भरलेली लागते. काका नंबर वाटत बसायचे आणि पिशवी तट्ट फुगायची. मग त्यांना टेबलावरून उतरवा, बाथरूमला पाठवा, पुन्हा पाणी पाजा. “मशीनले म्हणा, जरा सबर कर,” हे वर ऐकून घ्या.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. त्यांना पडद्यासमोर बसवलं. “हा तुमचा फंक्शनल एमआरआय, काका. साध्या एमआरआयमध्ये गाठीचा आकार दिसतो. यात तिचा कुठला भाग जास्त जोरात आहे, तेही कळतं. हा ठिपका बघा. डॉक्टरांनी याला जास्तीचा डोस ठरवलाय. पिशवी फुगली की हा जागचा सरकतो. मग नेम चुकतो.”

काका पडद्याकडे वाकले. चष्मा काढून पुसत राहिले. “म्हणजे साऱ्याइले पुढं पाठवता पाठवता मी या गाठीलेबी पुढं जाऊ देऊन राहिलो काय वं?”

दुसऱ्या दिवशी पारशिवनीचे कोहळे दादा घड्याळ बघत समोर उभे राहिले. काका खुर्चीत अवघडले, मिशी चावत बसले आणि शेवटी म्हणाले, “आज नाही गा, दादा. आज मी जातो.” पिशवी अगदी हवी तेवढीच भरली होती. शेक झाल्यावर टेबलावरून उतरताना त्यांचे डोळे ओले. “जिंदगीत कोणाले नाही म्हटलं नव्हतं, पोरी. लय जड गेलं.” इतके दिवस या माणसावर चिडत होते मी.

कोहळे दादांचा शेक आटोपला तेव्हा त्यांची बस गेलेलीच होती. बाहेर येऊन बघते, तर काका स्कूटर चालू करून उभे. “बसा मागं. खापरखेड्याच्या स्टॉपवर गाठू तिले.”

शेक पूर्ण होईपर्यंत काकांनी पुन्हा एकदाही नंबर सोडला नाही. आणि एकदाही स्कूटरवर एकटे घरी गेले नाहीत.