बारा सिलिंडरचा सूर

काल माझ्या भाच्याने, निखिलने, मोबाइल माझ्या कानाशी धरला. "आत्या, तू सांगतेस ना, बाबांची ती चोवीस तासांच्या शर्यतीतली गाडी? सापडली बघ."

गाडी शिट्टीसारखी किंचाळत गेली. मी म्हटलं, "छे, ही नव्हे."

आमची गाडी मी मानपाड्याच्या खोलीत ऐकलेली. दादाच्या मित्राने परदेशातून त्या शर्यतीची कॅसेट आणली होती. रविवारची दुपार, लाइट गेलेले, टेपरेकॉर्डर सेलवर. दादाने मला डोळे मिटायला लावले.

"ही गुरगुरते ना? आठ सिलिंडरचं इंजिन. स्फोटांच्या मध्ये जागा राहते. आता ही बाराची. स्फोट इतके लागोपाठ होतात, की त्यांचा एकच सूर होतो."

तो सूर तंबोऱ्यासारखा होता, खोल आणि भरलेला. "अजून एकदा लाव ना रे," मी म्हणत राहिले. शेवटी दादाने सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवले, ते गरम झाल्यावर परत घातले आणि पुन्हा लावली.

खिडकीतले ते सेल काल आठवले आणि मला उलगडा झाला. सेल उतरले होते. टेप हळू फिरत होती, म्हणून सूर खाली आलेला. तशी गाडी जगात कुठेच धावली नव्हती. फक्त आमच्या खोलीत धावली.

"मग कशी होती ती?" निखिलने विचारलं. दादा गेला तेव्हा हा रांगत होता.

मी डोळे मिटले आणि या वयात, तोंडाने, ती गाडी त्याला चालवून दाखवली. हळू, अगदी खालच्या सुरात.