वाफेवरची शटलं

"पोरगी खेळते ते कळलं, पण कामाला कुठं जाते?" शेजारणी अजून विचारतात. चंद्रावती पापलेटाचे खवले काढता काढता सांगते, "तेच काम हाय तिचं."

तिची लेक नेत्रा बॅडमिंटन खेळते, एकेरीत. घर जुन्या भाईंदरात, खाडीच्या अंगाला. वडील लीलाधर होडीवर आणि आई मासळीबाजारात. जाळं ओढणाऱ्या बापाचं मनगट लेकीने घेतलं, असं सगळे म्हणतात. नेत्राला वाटतं, आपण घेतली ती आईची नजर. घासाघीस करणाऱ्या चार बायका समोर असल्या तरी चंद्रावतीला पाचवीचा हात कोणत्या माशाकडे चाललाय ते दिसतं. एकेरीत तसंच बघावं लागतं. तिथे चूक झाली तर वळून पाहायला जोडीदार नसतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्पर्धेत नेत्राचा घोटा दुखावला. अकादमी सोडून ती घरी आली. बरं वाटू लागल्यावर जेसल पार्कजवळच्या एका हॉलमध्ये चुलतभाऊ निकेतबरोबर तिचा सराव सुरू झाला. पिसांची शटलं महाग, आणि तासाभरात मोडतात. अकादमीतल्या प्रशिक्षक जितेंद्र सरांनी फोनवर सांगितलं होतं, "शटलला जराशी वाफ दे. पिसं मऊ पडतात, जास्त टिकतात."

हे चंद्रावतीने ऐकलं आणि कामच हाती घेतलं. "वाफेचं मला नको शिकवू. फुलं आण इकडं." शटलला ती फुलंच म्हणते. तिच्या हातची शटलं खरोखरच टिकायची. निकेत म्हणायचा, "काकी, तुम्ही कारखाना टाका."

मग नेत्रा पुन्हा स्पर्धांना जाऊ लागली आणि पहिल्याच फेरीत हरू लागली. मागच्या रेषेवर उंच टाकायचा फटका हा तिचा भरवशाचा. तिचा सगळा खेळ त्याच्यावर उभा. नेमका तोच आता रेषेबाहेर पडायचा. सरांनी दोन सामने पाहिले. मग तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "अंदाज गेलाय तुझा. होतं असं दुखापतीनंतर. ठाण्याची स्पर्धा खेळ. नाही जमलं तर दुहेरीत ये, जोडीदार मी बघतो."

नेत्रा "बरं सर" म्हणाली. घरी कोणाला काही बोलली नाही, पण जेवताना भात नुसता चिवडत राहिली. एकेरी सुटली तर आपल्याजवळ आपलं म्हणावं असं काय उरणार, ते तिला कळत नव्हतं.

ठाण्याच्या स्पर्धेला थोडे दिवस उरले असताना चंद्रावती भाचीच्या हळदीला गेली. वाफवलेली शटलं संपली होती, म्हणून निकेतने नवा डबा तसाच फोडला. नेत्राचा पहिलाच फटका रेषेच्या हातभर पलीकडे पडला.

"हे काय वारं पिऊन आलंय का?" निकेत म्हणाला.

"परत दे."

तेही बाहेर. नेत्रा थांबली. पिशवीच्या तळातून तिने घरचं एक जुनं शटल काढलं आणि नव्याशेजारी धरलं. नव्याची पिसं कळीसारखी आवळलेली होती, घरच्याची उघडलेल्या छत्रीसारखी फाकलेली.

दुसऱ्या दिवशी आई ओट्याशी होती. मोदकपात्रात शटलं, वर घट्ट झाकण.

"आई, किती वेळ ठेवतेस गं ही?"

"अळूवड्यांना लागतो तेवढा."

दारात बसलेला लीलाधर हसला. "तुझ्या आयशीला कच्चं चालत न्हाय. फुलंपण शिजवली तिनं."

नेत्राने समजावून सांगितलं. पिसं फाकली की वारा धरतात आणि शटल हळू जातं. तेवढं लांब पोचवायला ती रोज जोर लावत होती, आणि त्याच जोराने स्पर्धेतलं शटल बाहेर जात होतं.

चंद्रावतीने गॅस बंद केला. झाकण उचलून बाजूला ठेवलं. "म्हंजे माझ्यामुळं हरलीस तू."

"मला वाटत होतं माझी नजरच गेली. ती शाबूत आहे, हे आज कळलं. जेवायला वाढ, खूप भूक लागलीय."

"यापुढं मी हात लावणार न्हाय त्या फुलांना."

"तूच लावायचा. फक्त झाकण नको. वाफेवर धरायचं नि काढायचं."

ठाण्यात पहिल्याच फेरीत समोर अनुष्का आली, वयाने लहान आणि पायाने चपळ. तिने नेत्राचे आधीचे सामने पाहिले होते. तिसरा गेम लांबला. अनुष्का धापा टाकू लागली. फुगलेली शटलं मारून मारून तयार झालेला नेत्राचा हात मात्र दमेना. शेवटच्या गुणाला नेत्राने तोच उंच फटका टाकला. अनुष्का दोन पावलं मागे गेली, वर पाहिलं आणि रॅकेट खाली घेतली. नेत्राचा हा फटका बाहेरच जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शटल रेषेवर पडलं.

जितेंद्र सर पाण्याची बाटली घेऊन आले. "मग, जोडीदार शोधू?"

"नको सर. एकटीच बरी आहे."

पुढच्या फेरीत ती हरली, पण तो सामना शेवटपर्यंत तिच्या हातात होता. ती आजही एकेरीच खेळते, कधी जिंकते, कधी हरते. चंद्रावतीच्या फळीवर आता दोन डबे असतात. एकात नुसती वाफ दाखवलेली शटलं, दुसऱ्यात झाकण ठेवून चांगली फुलवलेली. हात तयार करायला ती नेत्रानेच मागून घेतली आहेत. सकाळी लेक बूट घालायला बसली की आई दोन्ही डबे काढून विचारते,

"आज कुठली देऊ गो, खेळायची का दमायची?"